उताणं चालणारं घड्याळ

माझी पाठ उत्तम आहे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण आमचं ऑफिस, आमची इमारत आणि माझी सासुरवाडी या तिन्ही ठिकाणी माझ्या पाठीबद्दल जे बोललं जातं ते ऐकून कुणालाही वाटेल, की हा माणूस आता फार दिवसांचा सोबती नाही. एका डॉक्टरांनी दिलेला दाखलाही माझ्या कपाटात आहे. त्यात माझ्या पाठीवर चार ओळी आहेत आणि चारीच्या चारी खोट्या आहेत. त्या बिचाऱ्या डॉक्टरांचा दोष नाही. दोष घड्याळाचा आहे.

घड्याळ माझ्या सासऱ्यांचं. खिशात ठेवायचं, साखळीचं, चांदीच्या झाकणाचं, रोज सकाळी चावी द्यावी लागणारं. सासरे एका कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं टाइमकीपर होते. घड्याळ कारखान्याने दिलेलं आणि ते साखळीने जाकिटाला अडकवून अंगावरच बाळगलं पाहिजे, असा तिथला नियम. कोण किती वाजता आत आला हे सासरे त्या घड्याळात बघून वहीत लिहीत, आणि त्यांनी लिहिलेल्या मिनिटावर खुद्द मॅनेजरचंही काही चालत नसे. स्वतः मात्र हे गृहस्थ आयुष्यभर आरामखुर्चीत. घरी कापडाची आरामखुर्ची, फाटकावरच्या केबिनमध्येही तसलीच आरामखुर्ची. "दुसऱ्याची मिनिटं मोजायची आणि आपण पसरायचं," असं सासूबाई माझं लग्न झालं तेव्हापासून म्हणत आल्या आहेत. त्यावर सासरे फक्त डोळे मिटून घेतात.

त्यांना जावई दोन. थोरला मी. धाकटे जे आहेत, म्हणजे माझे साडू, त्यांच्या मनगटावर एक काळं चौकोनी यंत्र असतं. ते त्यांची पावलं मोजतं, त्यांना पाणी प्यायची आठवण करतं आणि ते तासभर बसून राहिले की त्यांना उभं राहायला सांगतं. साडू तत्काळ उभे राहतात. मग जेवण चालू असो की कुणाचं रडणं. एवढं असूनही त्यांचा सासऱ्यांच्या घड्याळावर डोळा होता. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात शोभून दिसेल, असं ते दर भेटीत म्हणत.

गेल्या वर्षी सासऱ्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं.

"जावईबापू, एकच अट आहे," ते म्हणाले. "हे खिशात चालवायचं. कपाटात मांडून ठेवायचं असेल तर धाकट्यांना देतो. माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी बघणार आहे."

मी भरून पावलो. माझी सचोटी, माझा वक्तशीरपणा, बावीस वर्षांची माझी डाग नसलेली नोकरी, हे सगळं या म्हाताऱ्या माणसाने गुपचूप हेरून ठेवलं होतं तर. येताना मी बायकोला तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "असेल." तिच्या या 'असेल'वर मी एरवी वाद घातला असता, पण त्या दिवशी माझं मन मोठं झालं होतं.

पुढचे काही महिने घड्याळ कपाटातच होतं, हे कबूल करतो. वाढदिवस पाच आठवड्यांवर आला तेव्हा मी ते बाहेर काढलं, चावी दिली, कानाला लावलं. नंतर झोकात शर्टाच्या खिशात टाकून ऑफिसला गेलो आणि पहिल्या तासातच सगळ्यांना दाखवून घेतलं. त्या दिवशी मला पाच जणांनी वेळ विचारली. पाचही जणांना मी झाकण उघडून नऊ वाजून वीस मिनिटं सांगितली. शेवटचा विचारणारा जेवणाच्या सुट्टीनंतरचा होता. तीन वाजताच्या बैठकीला मी अर्थातच पोचलो नाही, आणि हेडक्लार्कांनी गैरहजेरीचा लेखी खुलासा मागितला. कारणाच्या रकान्यात मी 'घड्याळ' एवढंच लिहिलं. हेडक्लार्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद फायलीला लावला.

घड्याळजीचं दुकान एका जिन्याखाली आहे. त्यात घड्याळजी मावतो आणि गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ तळहातावर आडवं ठेवलं. टिकटिक सुरू. उभं धरलं. बंद. परत आडवं. परत सुरू. असं त्याने चार वेळा केलं आणि मग मला धीर दिला.

"तब्येत छान आहे, साहेब. फक्त उभं राहवत नाही."

"म्हणजे?"

"आतलं एक चाक असतं, सारखं डोलणारं. त्याच्या दांड्याचं टोक गेलंय. आडवं असलं की तोल सांभाळतं, उभं केलं की टेकतं. हा दांडा आता मिळायचा नाही. घडवून देणारे एक होते, ते वारले."

"मग काय करायचं?"

"आतलं सगळं काढतो, सेलवर चालणारं मशीन बसवतो. तबकडी हीच, काटे हेच, झाकण हेच. मालकाच्या बापाला कळायचं नाही."

बाप नव्हे, मालकाचे सासरे आहेत, असं मी म्हणालो. त्याला फरक दिसला नाही. दुसरा काही उपाय नाही का, असं विचारल्यावर तो तोंड फिरवून एका गजराच्या घड्याळाशी बोलावं तसं पुटपुटला, "आहे म्हणा. महिनाभर अंगावर बाळगा. आडवं. अंगाची ऊब लागली की जुनं तेल सुटतं. मधे थांबू द्यायचं नाही. मग चालेलही उभं. कदाचित." यातला 'कदाचित' इतका हळू होता, की मी तो हिशेबात धरला नाही. नाहीच चाललं तर वाढदिवसाच्या आठवडाभर आधी या, मशीन बसवून देतो, असं आमचं ठरलं.

आता अडचण बघा. घड्याळ अंगावर हवं, म्हणजे खिशात. आणि आडवं हवं. खिसा छातीवर. याचा अर्थ छाती आडवी हवी, आणि छाती आडवी करायची तर मागचापुढचा सगळा माणूस आडवा करावा लागतो. मी काम शास्त्रशुद्ध करतो. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, पलंगावर उशा रचल्या आणि बायकोला माझ्या बरगड्यांपाशी कोन मोजायला बसवलं. एकेक उशी वाढवत गेलो. पस्तीस अंशांपर्यंत घड्याळ चाललं. छत्तिसाव्याला थांबलं.

"संसारात एवढंच करायचं राहिलं होतं," कोनमापक पेटीत ठेवत बायको म्हणाली.

पस्तीस अंशांत नोकरी करणं सोपं नाही. मी खुर्ची भिंतीला टेकवली, पाय टेबलाच्या खालच्या खणावर ठेवले, अंग घसरवत घसरवत हवा तो कोन साधला आणि फाइल पोटावर घेऊन शेरे मारू लागलो. टेबलापलीकडून बघणाऱ्याला फक्त माझे बूट आणि फायलीची वरची कड दिसत असणार. अकराच्या सुमारास हेडक्लार्क आले. ते बराच वेळ बुटांकडे बघत राहिले.

"पाठ का?" त्यांनी विचारलं.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक तर सांगायचं की सासऱ्यांचं घड्याळ चालावं म्हणून मी सरकलो आहे. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर हे वाक्य माझ्याच्याने उच्चारवेना. दुसरी वाट सोपी होती.

"हं," मी म्हणालो.

त्या एका 'हं'ने माझं वाटोळं केलं. आमच्या ऑफिसात माणूस बरा असेल तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण दुखणं असलं तर त्याला नियम आहेत. पाठीच्या रुग्णाला मागे कलणारी खास खुर्ची मिळते. दुपारपर्यंत तिचा अर्ज तीन प्रतींत माझ्या पोटावर आला. मला मोह झाला. कलती खुर्ची, आणि तीही सरकारमान्य. मी सही केली.

मग तपासणी. डॉक्टरांनी मला टेबलावर आडवं केलं आणि विचारलं, कसं वाटतंय. उत्तम, मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. मग म्हणाले, आता सावकाश उभे राहा. मी उभा राहू लागलो तसा छत्तिसावा अंश ओलांडल्याचं मला छातीवर जाणवलं. टिकटिक बंद. मी झटकन खिशावर हात दाबला आणि माझा चेहरा पडला. डॉक्टरांनी ताबडतोब लिहून घेतलं, 'उभे राहताच रुग्णास असह्य कळ येते.' मी खुलासा करायला तोंड उघडलं तर त्यांनी पुढे लिहिलं, 'बोलवत नाही.'

दाखला जोडून अर्ज वर गेला आणि आठ दिवसांनी शेरा मारून खाली आला. दुखणं कमरेच्या वर आहे की खाली, हे स्पष्ट करावं. वर, असं मी स्पष्ट केलं. मग कळलं, की वरच्या दुखण्याचं खातं वेगळं आहे. शेवटी खुर्ची तत्त्वतः मंजूर झाली, आणि एका माणसाच्या नावावर दोन खुर्च्या दाखवता येत नाहीत म्हणून भांडारवाले माझी आहे ती खुर्ची घेऊन गेले. नवी येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून मला एक स्टूल मिळालं. त्याला पाठ नव्हती. पाठीच्या रुग्णाला बिनपाठीचं स्टूल कसं, असं मी विचारलं, तर भांडारवाल्यांनी रजिस्टर दाखवलं. त्यात स्टूल 'खुर्ची' या सदरात मोडत नाही, एवढ्याच गुणावर ते मला मिळालं होतं. त्यानंतर मी जुन्या कागदपत्रांच्या खोलीत लांब टेबलावर पडून काम करू लागलो. कुणी फाइल शोधायला आलं की आधी दचकायचं, मग चौकशी करायचं.

घरीही सुटका नव्हती. समोरच्या काकूंनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. ती मी पाठीखाली न घेता छातीवर घेतो हे त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि आजार हृदयात शिरल्याचं सगळ्या मजल्यांना कळवलं. तळमजल्यावर एक निवृत्त कवायत शिक्षक राहतात. त्यांच्या मते पाठीला एकच औषध, ताठ उभं राहणं. ते जिन्यातच माझी वाट अडवत, मला भिंतीला टेकवून उभं करत आणि दहा मिनिटं मोजत. तेवढी दहा मिनिटं माझं घड्याळ रोज मागे पडे. मला त्यांचा राग येई, पण म्हातारा माणूस माझ्यासाठी स्वतःही ताठ उभा राहायचा, म्हणून काही बोलवत नसे.

बसमध्ये आडवं होता येत नाही. तिथे मी घड्याळ तळहातावर ठेवून, वर रुमाल टाकून, हात पुढे धरून बसे. एकदा एका बाईंनी उतरताना त्या रुमालावर हळूच नाणं ठेवलं. मी पदवीधर आहे, हे सांगेपर्यंत बस सुटली होती.

महिना संपला. मी पलंगावरून उठलो, ताठ उभा राहिलो आणि ऐकू लागलो. काही नाही. आतलं तेल सुटलं असेल नसेल, घड्याळ पहिल्यासारखंच उताणं चालत होतं.

ठरल्याप्रमाणे मी घड्याळजीकडे गेलो. त्याने सेलवरचं मशीन कागदाच्या पुडीतून काढून ठेवलंच होतं. चपटं, प्लॅस्टिकचं, कोटाच्या बटणाएवढं. साडूंनाही मी फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले होते, "दादा, बिनधास्त टाका. बाबांना काय कळतंय? मी तर त्यांनाच केव्हाचं सांगतोय." घड्याळजीने मागचं झाकण उघडलं. आतलं ते डोलणारं चाक मी पहिल्यांदा पाहिलं. महिनाभर रोज सकाळसंध्याकाळ ते माझ्या छातीवर टिकटिकत होतं. ऑफिसात हसले, जिन्यात कीव केली, बसमध्ये भीक घातली, आणि हे सगळं होत असताना ते इमानाने चालत होतं. मला वाईट वाटलं, सरळ सांगतो. स्क्रू काढायच्या आत मी घड्याळजीचा हात धरला.

"राहू दे," मी म्हणालो.

"मग वाढदिवसाला काय सांगणार?"

"बघू."

बघू म्हणालो खरा, पण मला दिसत काहीच नव्हतं. सासरे सगळ्यांदेखत वेळ विचारणार, मी खिशातून मेलेलं घड्याळ काढणार, आणि ते साडूंच्या काचेच्या कपाटात जाणार. त्या घड्याळाला तिथे नुसतं शोभून दिसावं लागणार, या विचाराने माझी चार दिवस भूक गेली. बायकोने हे ओळखलं. वाढदिवसाच्या दिवशी तिने मोठी टॅक्सी बोलावली आणि मागच्या सीटवर बसून मांडीवर थाप मारली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झालो. मुलगी पुढे बसली आणि ओळखीचं कुणी दिसलं की खिडकीबाहेर बघणं बंद करत होती.

सासुरवाडीच्या दारात साडू उभेच होते. "दादा, उचलू का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दोघातिघांनी मला उचललंच. तिसऱ्या मजल्यावर नेऊन मला सासऱ्यांच्या खोलीत पलंगावर ठेवलं. साडूंच्या मनगटावरचं यंत्र जिने चढल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करत होतं. सगळं घर पलंगाभोवती जमलं. सासूबाई डोळे पुसू लागल्या.

तेवढ्यात सासरे आले. "सगळे बाहेर व्हा," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

"काढा, जावईबापू."

मी पडल्या पडल्या घड्याळ काढून दिलं. त्यांनी ते तळहातावर आडवं धरून झाकण उघडलं आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. "दोन मिनिटं मागे," ते म्हणाले. मला उचलून आणताना जिन्यात मी कलंडलो होतो, तीच ही दोन मिनिटं. मी सुटकेचा श्वास घेणार, तोच त्यांनी घड्याळ उभं केलं आणि कानाला लावलं. मी डोळे मिटले. टिकटिक थांबली ती मला पलंगावरून ऐकू आली.

"बाबा," मी म्हणालो, "मी सांगणारच होतो."

"थांबलं," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी डोळे उघडले तर ते चक्क हसत होते. "म्हणजे माझंच आहे. धाकटे मला केव्हाचे सांगताहेत, आतलं बदलून घ्या म्हणून. मला भीती होती की तुम्ही बदललं असणार. आज हे उभं चाललं असतं तर मी परत घेणार होतो."

ते पलंगाच्या कडेला टेकले आणि आवाज खाली आणून बोलू लागले.

"हे उभं कधी चाललंच नाही. कारखान्यात हातात मिळालं त्याच आठवड्यात माझ्याकडून पडलं. टाइमकीपरने घड्याळ पाडलं म्हटल्यावर नोकरी राहिली असती का? टेबलावर ठेवायची बंदी. अंगावरच हवं. मग केबिनमध्ये आरामखुर्ची नेली."

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं. आळशी म्हणून नाव झालं. होऊ दिलं. निवृत्त झालो तेव्हा हे मला बक्षीस दिलं त्यांनी. तुमच्या सासूबाईंना अजून ठाऊक नाही."

"आणि येताजाता?"

"तळहातावर. वर रुमाल."

मला बसमधल्या त्या बाई आठवल्या. मग विचारलं, "कुणी नाणं ठेवलं का कधी?"

"दोनदा," सासरे म्हणाले.

मला एक शंका होती आणि हीच वेळ होती. दोन जावयांतून त्यांनी मला का निवडलं? सचोटी हा शब्द मी उच्चारला नाही, पण तो खोलीत होता.

"तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात," ते म्हणाले, "तेव्हा खुर्चीत कसे बसला होतात, आठवतंय? पाचव्या मिनिटाला तुमचं डोकं खुर्चीच्या पाठीखाली गेलं होतं. तेव्हाच म्हटलं, या माणसाला जमेल."

बावीस वर्षांच्या डाग नसलेल्या नोकरीचा विषय मी तिथेच सोडून दिला.

त्यांनी काटे पुढे सरकवून वेळ लावली, घड्याळ माझ्या खिशात आडवं ठेवलं आणि दार उघडलं. बाहेर सगळे वाईट बातमी ऐकायच्या तयारीने उभे होते. "यांच्या पाठीचं लक्षण ठीक नाही," सासरे म्हणाले. "माझी आरामखुर्ची यांच्याबरोबर द्या."

सासूबाईंचा विश्वास बसेना. त्या खुर्चीत सासऱ्यांनी कधी नातवंडांनाही बसू दिलं नव्हतं. "आणि तुम्ही काय करणार?" त्यांनी विचारलं.

"मी उभा राहीन," सासरे म्हणाले. आणि खरंच, सबंध जेवण त्यांनी इकडून तिकडे फिरत, उभ्याउभ्या केलं. सासूबाई त्यांच्याकडे नव्याने ओळख झाल्यासारख्या बघत होत्या. जाता जाता ते माझ्या कानाशी वाकले. "घड्याळाबरोबरच द्यायची होती," ते म्हणाले. "ती त्याचाच भाग आहे."

आरामखुर्ची सागवानी आहे आणि तिची घडी नीट मिटत नाही. ती तीन मजले खाली न्यायची होती. माझ्यासारख्या पाठीच्या माणसाला तिला बोटही लावू देईनात, तेव्हा साडूंनी ती एकट्याने छातीशी कवटाळली आणि निघाले. टॅक्सीपाशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर केव्हाच आडवा झालो होतो.

"दादा, किती वाजले?" खुर्चीच्या मागून आवाज आला. "आमची पाचची वेळ ठरलीय एकांकडे."

"तुमच्या मनगटावर आहे की."

"हात मोकळे नाहीत."

मी पडल्या पडल्या खिशात हात घातला, झाकण उघडलं आणि त्यांना मिनिटासकट वेळ सांगितली.